कंपनीला फुटलेल्या गळफांद्या



कपाशी लावणाऱ्याला गळफांदी आणि फळफांदी यातला फरक सांगावा लागत नाही. तरी नव्या पोरांसाठी सांगतो. झाडाच्या बुडातून जी फांदी सरळ वर जाते, खोडासारखी जाड होते, पानं भरपूर काढते आणि बोंडं मोजकीच देते, तीही उशिरा, ती गळफांदी. जी आडवी जाते, नागमोडी वाढते आणि पेरापेराला पातं धरते, ती फळफांदी. गळफांदी दिसायला जोरदार. रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून म्हणतो, "काय कपाशी आलीय राव!" वेचणीला गेल्यावर मग कळतं काय आलंय ते. म्हणून तर दादा लाड तंत्रज्ञानानं कपाशी करणारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी गळफांद्या काढून टाकतात.

पण आजची नोंद कपाशीची नाही. शेतकरी उत्पादक कंपनीची आहे. मी अशा एका कंपनीचा सभासद आहे. कंपनीचं नाव लिहित नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: आमच्या कंपनीला गळफांद्या लई फुटल्यात, आणि फळफांद्या आहेत त्यांना पाणी मिळेना.

पटत नसेल तर हात मोजू. झाडांची संख्या जशी मोजतो तशी.

आमच्या कंपनीत मालाला हात लावणारे किती? काट्यावर एक माणूस. तो मॉइश्चर बघतो, चाळणी करतो, वजन करतो, पावती फाडतो, रात्री गोदामाला कुलूप लावतो आणि पाऊस आला तर ताडपत्रीही तोच टाकतो. हंगामात दोन हमाल, ते कट्ट्यावर. म्हणजे पगारी धरला तर एक.

आता त्याच्या वरचे मोजा. संचालक दहा. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ एक. लेखापाल एक. आणि कंपनी उभी करून देणाऱ्या सल्लागार संस्थेचे तज्ज्ञ पाच: पीक तज्ज्ञ, विपणन तज्ज्ञ, समाज संघटन तज्ज्ञ, कायदा व हिशेब तज्ज्ञ आणि माहिती तंत्रज्ञान तज्ज्ञ. हे पाच आमच्या एकट्यासाठी नाहीत, त्यांच्याकडं बऱ्याच कंपन्या आहेत, हे खरं. पण आमच्या काटेवाल्याला फोन करून "फोटो पाठवा" म्हणायचा अधिकार सगळ्यांनाच आहे. झाले सतरा. एक मोजणारा, सतरा बघणारे. याच्या वर जिल्हा समिती, राज्य समिती, राबवणारी संस्था आणि दिल्लीतली समिती. ते मी धरलेच नाहीत, कारण ते आमच्या गोदामापर्यंत येत नाहीत. त्यांचे फक्त तक्ते येतात.

हा नुसता आमच्या गावचा वेडेपणा आहे का? मग योजनेचा कागद बघू.

दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करायची केंद्राची योजना २०२० साली आली. एकूण तरतूद ६८६५ कोटी रुपये. २०२५ च्या फेब्रुवारीत दहा हजारावी संघटना जाहीर झाली. हेतू चांगला, त्यावर वाद नाही. पण विभागणी बघा. एका संघटनेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख. आणि त्या संघटनेला हाताला धरून चालायला शिकवणाऱ्या सल्लागार संस्थेला, एका संघटनेमागं पाच वर्षांत जास्तीत जास्त २५ लाख.

परत वाचा. चालणाऱ्याला अठरा, हात धरणाऱ्याला पंचवीस. आपल्याकडं पोराला सायकल शिकवताना मागं कॅरिअर धरून पळणाऱ्याला सायकलीपेक्षा जास्त पैसे कुणी दिलेले मी तरी ऐकले नाहीत.

बरं, त्या अठरा लाखांचं तरी काय? सीईओला महिना २५ हजारांपर्यंत, लेखापालाला १० हजारांपर्यंत. तीन वर्षांचे छत्तीस महिने, म्हणजे दोन पगारांचेच १२ लाख ६० हजार. उरलेल्यात नोंदणी, भाडं, टेबल-खुर्ची, प्रवास, बैठका. माल घ्यायला लागणारं खेळतं भांडवल यात नाही, ते कंपनीनं आपलं आपण उभं करायचं. काटेवाल्याच्या पगाराची ओळ मला त्या कागदात सापडली नाही. खुर्चीची सापडली.

आता कुणी म्हणेल, काका, तुम्हाला शिकल्या-सवरल्या माणसाचा राग आहे. नाही बाबा. आमचा सीईओ सव्वीस वर्षांचा, बीएस्सी ॲग्री झालेलं गुणी पोरगं आहे. सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि खोडमाशी यातला फरक पानाच्या देठाकडं बघून सांगतो. पण ते पोरगं दिवसभर शेतात नसतं, काट्यावरही नसतं. रात्री अकरापर्यंत लॅपटॉपवर तक्ते भरतं. महिन्याला जो तक्ता वर जातो त्यात ४३ रकाने आहेत. मी एकदा त्याच्या शेजारी बसून वाचले. किती बैठका झाल्या, किती महिला हजर होत्या, किती फोटो काढले, किती जणांची क्षमता बांधली. "किती क्विंटल माल घेतला" हा रकाना एकोणचाळिसावा. आणि वरून हप्ता आला नाही की याचा पगार चार-चार महिने थकतो. तक्ता मात्र एक दिवस थकलेला चालत नाही.

आता मागच्या हंगामातल्या मॉइश्चर मीटरचा खेळ सांगतो. तारखा माझ्या वहीत आहेत.

१४ ऑक्टोबर. सोयाबीनची मळणी जोरात. कंपनीच्या दारात नऊ शेतकरी माल घेऊन उभे, आणि मॉइश्चर मीटर बंद पडलं. तालुक्याच्या दुकानदारानं बघितलं, म्हणाला सेन्सर गेलाय, १८५० रुपये, उद्या देतो. काटेवाल्यानं सीईओला सांगितलं. सीईओला हजाराच्या वर खर्च करायचा अधिकार नाही.

१५ तारीख. अध्यक्षांना फोन. अध्यक्ष अभ्यास दौऱ्यावर. कशाचा अभ्यास? यशस्वी कंपन्यांचा.

१६ तारीख. सल्लागार संस्थेनं सांगितलं, तीन कोटेशन लागतील. तालुक्यात मीटर दुरुस्त करणारं दुकान एकच. मग दुसरं कोटेशन पंखे-कूलरवाल्याचं घेतलं आणि तिसरं मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं. दोघांनीही मीटर बघितलं नाही. कोटेशन मात्र ऐटीत दिली.

१८ तारीख. प्रश्न आला, हा खर्च दुरुस्तीत धरायचा का किरकोळ उपकरणात?

२० तारीख. "खरेदी हंगामातील अडचणी" या विषयावर ऑनलाइन बैठक. सतरापैकी चौदा हजर. काटेवाल्याला लिंक गेलीच नाही. दीड तास चालली. एका तज्ज्ञानं मला विचारलं, "काका, तुमच्या दृष्टीनं मुख्य पेन पॉइंट काय आहे?" मी म्हणालो, "मीटर." त्यांनी टिपणात लिहिलं: शेतकऱ्यांमध्ये तंत्रज्ञानाविषयी जाणीवजागृतीची गरज.

२२ तारीख. तीन संचालकांची उपसमिती नेमली.

२५ तारीख. उपसमितीनं एकमतानं ठरवलं की मीटर दुरुस्त करावं.

२७ तारीख. मीटर आलं. त्याच दुकानातून, त्याच १८५० रुपयांत.

तेरा दिवस. या तेरा दिवसांत आमच्या सभासदांचा २१० क्विंटल माल आडतीला गेला. कंपनी सोयाबीन गोळा करून थेट प्लांटला देते, त्यात क्विंटलमागं शंभरेक रुपये सुटतात. म्हणजे २१ हजार गेले, १८५० साठी. आणि गेले ते नुसते पैसे नाहीत. जो माणूस एकदा दारातून माल परत घेऊन गेला तो पुढच्या वर्षी ट्रॅक्टर आपल्याकडं वळवत नाही. त्याची ही नोंद ४३ रकान्यांत कुठंच होत नाही.

आता आडत्याचं बघा. मी त्याचा वकील नाही. तो वजनात काय करतो, घट कशी धरतो, उचल देऊन कसा बांधून ठेवतो हे आपल्या तीन पिढ्यांना पाठ आहे. पण त्याच्याकडं माणसं किती? गादीवर तो स्वतः, एक मुनीम आणि हमाल. मीटर बंद पडलं तर तो शेजारच्या गाळ्यातून मागून आणतो, आणि तेही नसेल तर मूठ भरून दाताखाली दाणा फोडून सांगतो. निर्णयाला एक मिनिट. लुटतो, पण काटा चालू ठेवून लुटतो. आपण त्याच्याशी लढायला निघालो आणि काटा बंद ठेवून बैठका घेतो. मग कोण जिंकणार?

आता हिशेब मांडू. हा प्रत्येक कंपनीच्या सभासदानं आपापल्या आकड्यांनी मांडावा.

सीईओ आणि लेखापाल मिळून महिना ३५ हजार, वर्षाचे ४ लाख २० हजार. आमच्या कंपनीनं मागच्या हंगामात माल घेतला ६०० क्विंटल. म्हणजे फक्त या दोन पगारांचं ओझं क्विंटलमागं ७०० रुपये. सुटतात शंभर. योजना आहे तोवर हे ओझं सरकार उचलतंय म्हणून कळत नाही. तीन वर्षं संपली की दुसऱ्या दिवशी ते आपल्या कट्ट्यावर येऊन बसेल.

तोच पगार ६००० क्विंटलवर वाटला तर क्विंटलमागं ७० रुपये. तेवढं झालं तर कंपनी जगते. आणि ६००० क्विंटल म्हणजे काय मोठा डोंगर नाही. मैदानी भागात योजनेप्रमाणं किमान सभासद ३००. तीनशे जणांनी प्रत्येकी वीस क्विंटल आणलं की झालं. वीस क्विंटल म्हणजे आपल्याकडं अडीच-तीन एकराचं सोयाबीन. म्हणजे कंपनीचं सगळं काम एका वाक्यात बसतं: तीनशे माणसांनी वीस-वीस क्विंटल आपल्या दारात आणावं असं वागायचं. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात काटा रोज चालू पाहिजे, माप चोख पाहिजे आणि पट्टी दोन-चार दिवसांत खात्यावर पाहिजे. चौथी गोष्ट असेल तर मला सांगा.

याउलट आमच्याकडं काय आहे? ६४ पानांचा बिझनेस प्लॅन आहे. चिकट कागदावर रंगीत छापलेला. त्यात पान ३१ वर काजू प्रक्रिया उद्योग आहे. आमच्या तालुक्यात काजूचं झाड कुणी बघितलं असेल तर कळवा, बघायला जाऊ. कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्याच्या कंपनीचा प्लॅन उचलला आणि गावाचं नाव बदलताना काजू तसाच राहिला. गोदामाच्या भिंतीवर "आमचे व्हिजन" आणि "आमचे मिशन" असे दोन बोर्ड आहेत. दोन्ही बोर्डांच्या मध्ये पत्र्याला भोक आहे, त्यातून पावसाळ्यात पाणी गळतं. बोर्ड मात्र भिजत नाहीत, ते लॅमिनेटेड आहेत.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. सल्लागार मंडळी म्हणतात, काका, ही कंपनी आहे, भजनी मंडळ नाही. कायद्याची कामं असतात. बरोबर आहे. कायदा काय मागतो? किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा संचालक. पूर्णवेळ सीईओ. तीन महिन्यांतून एकदा, वर्षाला किमान चार संचालक बैठका. वार्षिक सर्वसाधारण सभा. लेखापरीक्षण. दरवर्षी ताळेबंदाचा आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म, आणि मुदत चुकली तर एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये. हे सगळं झालंच पाहिजे. पण हे एका चांगल्या सीएचं आणि एका नेटक्या लेखापालाचं काम आहे. सतरा जणांचं नाही. आणि गंमत ऐका. सतरा जण असून, त्यात एक खास कायदा व हिशेब तज्ज्ञ असून, आमचे दोन्ही फॉर्म मागच्या वर्षी ९४ दिवस उशिरा गेले. दोन फॉर्म, दोनशे रुपये रोज, १८ हजार ८०० रुपये दंड. त्यात दहा मीटरं दुरुस्त झाली असती. सगळ्यांना वाटलं दुसरा भरील. जिथं बघणारे सतरा असतात तिथं बघत कुणीच नसतं.

हे फक्त गावाकडंच होतं असंही नाही. कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्या एका मित्रानं पार्किन्सन नावाच्या इंग्रज माणसाचं सांगितलं. त्यानं १९५५ साली लिहिलं होतं. इंग्रजांच्या आरमारात १९१४ साली मोठ्या युद्धनौका ६२ होत्या, १९२८ साली २० उरल्या. खलाशीही कमी झाले. आणि आरमाराच्या मुख्य कचेरीतले अधिकारी-कारकून? २००० होते ते ३५६९ झाले. जहाजं तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि साहेब पावणेदोन पट झाले. त्याचं म्हणणं असं, की साहेबाला सहकारी नको असतो, हाताखालचा पाहिजे असतो, आणि मग ते एकमेकांना काम लावतात. आपली फवारणीची औषधं बनवणारी बायर ही जर्मन कंपनी घ्या. तिचे नवे प्रमुख बिल अँडरसन यांनी २०२४ मध्ये जाहीर लिहिलं, की आमच्या कंपनीच्या नियमांचं पुस्तक १३६२ पानांचं आहे. मग त्यांनी हजारो पदं कमी केली, त्यात मोठा वाटा मॅनेजरांचा. एवढ्या जुन्या कंपनीला जे झेपलं नाही ते आपण सहाशे क्विंटलच्या कंपनीला झेपवायला निघालोय.

मग मॅनेजर नकोच का? असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ साली उभा राहिला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. १९४९ साली वर्गीस कुरियन आणंदला आले आणि पुढं त्यांनी तो संघ चालवला. अमूल झालं. कुरियन कोण होते? पगारी व्यवस्थापक, शिकलेला इंजिनिअर माणूस. म्हणजे व्यवस्थापकानं शेतकऱ्याचं वाटोळं होतं असं नाही. पण तिथली रचना बघा. गावच्या सोसायटीत सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं, फॅट बघितली जाते, त्यावर पैसे ठरतात. वरचा सगळा इमला त्या मापावर उभा आहे. व्यवस्थापकाचा पगार दुधातून निघतो. दूध आलं नाही तर साहेबाचीही चूल पेटत नाही. म्हणून साहेबाचं तोंड गावाकडं.

आमच्याकडं पगार वरून येतो. म्हणून सगळ्यांची तोंडं वर. हीच खरी गोम आहे, मंडळी. माणसं वाईट नाहीत. पाण्याची वाट ज्या बाजूनं, मुळ्या त्या बाजूला जाणार. सल्लागार संस्थेला वर अहवाल द्यायचा, सीईओला संस्थेला द्यायचा, लेखापालाला सीईओला. शेवटी सगळ्यात खाली काटेवाला. त्याला अहवाल द्यायला कुणी नाही, म्हणून तो एकटा काम करतो.

आणि यातलं दुःख कुठं आहे ते सांगतो. उत्पादक कंपनीचा कायदा २००२ साली आला, अलघ समितीच्या शिफारशीवरून. सहकाराचं तत्त्व आणि कंपनीचा मोकळेपणा, दोन्ही एकत्र. एक सभासद एक मत, शेअर कितीही असोत. आम्हाला वाटलं, चला, सोसायटीतल्या चेअरमनच्या राजकारणातून सुटलो. चेअरमन सुटले आणि साहेब लागले. फरक एवढाच की चेअरमनला निदान मतासाठी पाच वर्षांनी तरी दारात यावं लागायचं. ही कंपनी बुडाली तर आमचे शेअरचे पैसे जातील, ते फार नाहीत. पण "शेतकऱ्यांना एकत्र येऊन धंदा जमत नाही" असं पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल. न जमल्याचं खापर आमच्यावर, आणि जमवून देण्याची फी दुसऱ्याला. हे मला मान्य नाही.

बोलून बोलून बोलत बसण्यात अर्थ नाही. सप्टेंबरात बहुतेक कंपन्यांच्या सर्वसाधारण सभा होतात. सभेची लेखी नोटीस किमान चौदा दिवस आधी आली पाहिजे. आणि उपविधीत जास्त सांगितलं नसेल तर एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश माणसं हजर पाहिजेत. ३०० सभासद असतील तर ७५. बऱ्याच ठिकाणी ही पंच्याहत्तर माणसं सहीच्या वहीत असतात, खुर्चीवर नसतात. यंदा खुर्चीवर बसा. चहा तुमच्याच पैशाचा आहे. आणि बसून हे विचारा:

१. वर्षात किती क्विंटल माल घेतला, आणि एकूण पगार-प्रवास-बैठकांचा खर्च क्विंटलमागं किती पडला? रुपयांत सांगा, टक्क्यांत नको.

२. हंगामात काटा किती दिवस बंद होता, आणि का?

३. पट्टी सरासरी किती दिवसांत खात्यावर गेली?

४. सल्लागार संस्थेचं कोण, किती वेळा आलं आणि त्या येण्यानं किती क्विंटल वाढला किंवा किती रुपये वाचले?

५. योजनेचा पैसा ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी सीईओचा पगार कशातून देणार?

पाचव्या प्रश्नावर सभेत शांतता पसरेल. पसरू द्या. मग हे ठराव मांडा. एक: खरेदीच्या तीन महिन्यांत पाच हजारांपर्यंतचा खर्च काट्यावरच मंजूर, काटेवाला आणि सीईओ या दोघांच्या सहीनं, हिशेब नंतर. दोन: ऑक्टोबर ते डिसेंबर संचालकांची बैठक गोदामातच, काट्याशेजारी, उभ्यानं. बघा कशी वीस मिनिटांत संपते. तीन: हंगामात सीईओची जागा काट्यावर, तक्ते संस्थेच्या माणसानं येऊन भरावेत, त्यासाठीच त्यांना फी आहे. चार: काटेवाल्याला बारा महिन्यांचा पगार, आणि तो कंपनीच्या कमाईतून पहिला द्यायचा, बाकीच्यांचा नंतर.

या पानावर कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले बरेच साहेब असतात, त्यांनाही हात जोडून एक विनंती. तुमच्या हातात तक्ता बदलणं असेल तर क्विंटलचा रकाना एकोणचाळिसावरून पहिला करा. बाकीचे बेचाळीस ठेवा हवं तर. पण पहिल्या रकान्यात शून्य असेल तर पुढचे भरायची गरज नाही एवढं खाली लिहा. आणि सल्लागार संस्थेचा हप्ता मालाच्या वजनाला बांधा. फोटोला वजन नसतं.

आमचे संचालक ही नोंद वाचतील आणि रागावतील. रागवा. तुम्ही आमचेच भाऊबंद आहात, पगार घेत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर सांगतोय. "सर" म्हणवून घ्यायला चांगलं वाटतं, पण तुम्हाला तिथं बसवलंय ते आमचा माल मोजला जातो का ते बघायला.

सोयाबीन शेंगा भरायच्या अवस्थेत आहे. पाऊस असाच राहिला तर लवकर पेरलेलं सप्टेंबरअखेर कापणीला येईल. ज्यांच्या ज्यांच्या कंपनीला काटा आहे त्यांनी तो आत्ताच तपासून, शिक्का मारून घ्या. मीटरही बघून घ्या. आत्ता कोटेशन मागवली तर ऑक्टोबरपर्यंत मंजूर होतील.

पुढची नोंद चक्रीभुंग्याची.